कडू केव्हा घालावं?

अमेरिकेहून परत आले आणि शाळा सुरू झाली, तेव्हा पहिल्याच दिवशी बायकांनी मला घेरलं. "तिकडून काय शिकून आलात?" हा प्रश्न ठरलेलाच असतो. मी केक म्हणेन, फार तर पिझ्झा म्हणेन, अशी त्यांची अपेक्षा. मी म्हटलं, "हॉप्स कधी घालायचे ते शिकून आले."

"म्हणजे काय हो?"

"बिअर करताना घालतात ते."

झालं! शिक्षकखोलीत क्षणभर कुणी बोलेना. मी आठवड्यातून चार दिवस नववी-दहावीला मराठी शिकवते, संकष्टी करते आणि खोकल्याचं औषध आणतानासुद्धा त्यात अल्कोहोल नाही ना, हे बाटली उलटीसुलटी करून बघते. माझ्या तोंडी ही भाषा!

तेव्हा मैत्रिणींनो, आधीच सांगून टाकते. हे पाककृतीचं पान नव्हे. आपल्या राज्यात परवान्याशिवाय घरी बिअर करणं हा गुन्हा आहे, १९४९ च्या दारूबंदी कायद्याने. तिकडे अमेरिकेत मात्र १९७८ साली कायदा झाला आणि घरच्यापुरती बिअर घरी करायला मुभा मिळाली. दोन मोठी माणसं असलेल्या घराला वर्षाला दोनशे गॅलन, म्हणजे साडेसातशे लिटर. विकायची मात्र नाही. काही राज्यांनी आपापल्या कायद्यात ती मुभा द्यायला पुढे कितीतरी वर्षं घेतली म्हणे. असो. माझा भाऊ राहतो तिथे चालतं.

मी गेले होते त्याच्या बायकोच्या बाळंतपणाला, २०२३ च्या एप्रिलअखेर. तिच्या आईचं गुडघ्याचं ऑपरेशन निघालं, माझ्या आईला एवढा प्रवास झेपणार नव्हता, मग राहिले कोण? मी. शाळेला सुट्टी होतीच. ह्यांनी आणि सासूबाईंनी मुलांचं बघायचं कबूल केलं. बॅगेत डिंक, अळीव, खारीक, काळा मसाला आणि दोन डबे बिबडे भरून मी जळगावहून निघाले ती पोर्टलंडजवळच्या बीव्हर्टन गावी पोचले.

भावाच्या घरामागे छोटंसं परस आहे. तिथे कुंपणाजवळ गुडघ्याएवढा एक वेल होता आणि त्याच्यासाठी वरच्या पन्हाळीपर्यंत सुतळ्या ताणून बांधल्या होत्या. पानं खरखरीत, करवतकाठी. मला वाटलं, काकडी असेल, नाहीतर कारलं. मोठं कौतुक वाटलं हो! धुळ्याला आमच्या देवपूरच्या घरी आई असाच दोडक्याचा वेल पन्हाळीवर चढवायची. रोज सकाळी चहाचा कप घेऊन मी त्या वेलापाशी जायची. आणि काय सांगू, तो रोज दिसामासानं नव्हे, तासातासानं वाढायचा. संध्याकाळी बघावं तर सकाळपेक्षा वीतभर वर! तिकडे उन्हाळ्यात रात्री नऊपर्यंत उजेड असतो, तो या वेलाला फार मानवतो. सुतळीला वेढे घालतो तेही नेहमी घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं. चुकून मी एक शेंडा उलटा गुंडाळला, तर दुसऱ्या दिवशी पठ्ठ्या सुटून बाजूला उभा.

आठवड्याने भावाला विचारलं, "याला फळ कधी धरतं रे?"

तो जरा चाचरला. म्हणाला, "ताई, हे हॉप्स आहेत. बिअरला लागतात." मग गॅरेजचं दार उघडून त्याने मला दाखवलं. मोठं स्टीलचं पातेलं, झाकणाला काचेची नळी लावलेली प्लॅस्टिकची बादली, आणि फळीवर तपकिरी बाटल्यांची रांग.

मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही.

आता हे सांगायला हवं. आमचे बाबा दारूत गेले. मी एकोणीस वर्षांची होते, बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला, धाकटा तेरा. शेवटच्या दोन महिन्यांत त्यांच्या डोळ्यांत कावीळ उतरली होती आणि पोट फुगलं होतं. त्याआधीची दहा वर्षं संध्याकाळ झाली की आई खिडकीत उभी राहायची आणि पांझरेच्या पुलावरून येणाऱ्या सायकलीच्या चालीवरून ओळखायची, आज काय आहे ते. चाल वेडीवाकडी असली की ती आम्हां दोघांना ताटं घेऊन मागच्या खोलीत बसवायची. तो वास, गोडसर, आंबूस, मी जन्मात विसरणार नाही. आणि ज्या पोराला मी त्या खोलीत पाढे म्हणायला लावून गप्प ठेवायची, त्याने परदेशात जाऊन घरातच भट्टी लावावी?

बाळंतपणाच्या घरात मात्र अबोला फार दिवस टिकत नाही. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मुलगी झाली. अळिवाची खीर, शेक-शेगडी, रात्रीची जागरणं यांत माझा राग बाजूला पडला, गेला नाही. शेजारच्या एक गोऱ्या आजी बाळाला बघायला आल्या आणि भावजयीला म्हणाल्या, रोज थोडी बिअर घे, दूध भरपूर येतं. तिकडेही हा समज जुना आहे म्हणे. डॉक्टरीणबाईंनी मात्र स्पष्ट सांगितलं की दारूने दूध वाढत नाही, उलट कमीच होतं. आजींना मी खिरीची वाटी दिली. त्यांनी ती चमचा बुडवून बघितली आणि ठेवून दिली.

बाळ तीन आठवड्यांचं असताना एका शनिवारी दुपारी मला स्वयंपाकघरातून वास आला. गुऱ्हाळाचा वास! खरंच, उसाचा रस कढईत आटायला लागला की येतो तसा. जाऊन बघते तर भाऊ गॅसवर ते मोठं पातेलं चढवून बसलेला. मोड आणून वाळवलेल्या जवाचा काकवीसारखा पाक डब्यातून मिळतो, तो त्याने वीस लिटर पाण्यात कालवला होता. वर झाकण ठेवलेलं. हातात हिरव्या गोळ्यांची पाकिटं. हॉप्सची वाळलेली फुलं दळून, दाबून गुरांच्या पेंडीसारख्या बारीक गोळ्या करतात, त्या. त्याने झाकण काढलं, तिन्ही पाकिटं एकदम आत ओतली आणि पुन्हा झाकण ठेवलं.

काय झालं असेल, ते दूध तापवणाऱ्या बाईला सांगायला नको. भस्सकन फेस वर आला आणि शेगडीभर ते चिकट पाणी. मी धावले, गॅस बारीक केला, झाकण भिरकावलं, गार पाण्याचा हबका मारला आणि पळी घेऊन ढवळायला लागले. हात आपोआप चालले हो! फेस बसला तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी काय ढवळते आहे.

"झाकण का ठेवलंस?"

"लवकर उकळावं म्हणून."

नंतर त्याच्याच पुस्तकात निघालं की हे उकळताना झाकण ठेवायचंच नसतं. जवाच्या पाकातून उकडलेल्या कोबीसारखा एक वास निघतो, तो वाफेबरोबर जायला हवा. मुळ्याची भाजी आपण झाकण ठेवून करतो का?

मग त्याने मला बशीत थोडं पाणी गाळून दिलं. "चाखून बघ. यात अजून दारू नाही. यीस्ट घातल्यावर होते." मी खूप वेळ त्या बशीकडे बघत बसले. शेवटी चमचाभर घेतलं. आधी गोड, मग मागून कडू, आणि ते कडू जिभेच्या मुळाशी जाऊन बसलं ते हलेना. काडेचिराइताच्या काढ्यासारखं. वास मात्र काहीच नाही. आणि पाकिटात जरा उरलेल्या गोळ्या हुंगल्या तर संत्र्याच्या सालीचा, ओल्या गवताचा असा सुंदर वास!

"हा वास कुठे गेला?" मी विचारलं.

"तेच कळत नाही ना, ताई. मी दर वेळी जास्त हॉप्स घालतो, दर वेळी नुसतं कडूच होतं. एवढे महागाचे हॉप्स!"

मैत्रिणींनो, राग होता तो होताच, पण पदार्थ बिघडलेला बघवत नाही, ही आपली खोड. मी म्हटलं, "तू चहा कसा करतोस? पावडर आणि गवती चहा एकदमच टाकून तासभर उकळतोस का?"

तो माझ्याकडे बघतच राहिला.

त्या संध्याकाळी बाळाला मांडीवर घेऊन मी त्याची पुस्तकं चाळली. इंग्रजी होती, पण गोष्ट आपल्या स्वयंपाकघरातली निघाली. हॉप्सच्या फुलाच्या पाकळ्यांशी हळदीसारखी पिवळी भुकटी असते. मादी वेलाच्याच फुलात बरं का, नर वेल या कामाला निरुपयोगी. त्या भुकटीत दोन गोष्टी असतात. एक राळेसारखा कडू अंश, आणि दुसरं सुवासिक तेल. कडू अंश सहजासहजी पाण्यात उतरत नाही. त्याला खळखळ उकळत ठेवलं की त्याचं रूप बदलतं आणि मग तो मिसळतो. तासभर उकळूनही त्यातला जेमतेम पाव हिस्सा उतरतो. पंधरा मिनिटं उकळलं तर त्याच्या निम्मा, आणि पाचच मिनिटं उकळलं तर पाचवा हिस्सा. तेलाचं नेमकं उलट. ते मुळात उडून जाणारं. काही मिनिटांतच वाफेबरोबर निघून जातं आणि घरभर घमघमाट सुटतो. म्हणजे स्वयंपाकघरात सुरेख वास दरवळला, की समजावं, पातेल्यातला गेला! भावाच्या घरी दर वेळी हेच होत होतं.

तेव्हा तीच तीन पाकिटं, एकूण पंच्याऐंशी ग्रॅम, पण तीन वेळा घालायची. पहिलं उकळी फुटून फेस बसल्यावर, तासभर उकळायला. ते कडूपणासाठी. दुसरं शेवटची पंधरा मिनिटं राहिली असताना. त्याने थोडं कडू, थोडी चव. तिसरं गॅस बंद करून, पातेलं जरा निवल्यावर. खिरीत वेलदोडा घालतो तसं. आणि मग, फक्त मगच, झाकण! पंधरा-वीस मिनिटं तसंच ठेवून द्यायचं आणि लगेच पातेलं बर्फाच्या पाण्यात बसवून गार करायचं. आणखी वास हवा असेल तर आंबवण झाल्यावर थोडे कोरडे हॉप्स वरून तीन-चार दिवस घालून ठेवतात. जास्त दिवस राहिले तर गवत चावल्यासारखं लागतं म्हणे. पण त्या वेळी आत दारू झालेली असते, तेव्हा ते मी फक्त वाचलं.

जातीजातीतही फरक आहे. पाकिटावर कडूपणाची टक्केवारी छापलेली असते. त्याच्याकडचे कॅस्केड जातीचे, साडेपाच टक्क्यांच्या आसपासचे. ही जात त्याच राज्यातल्या कॉर्व्हॅलिसच्या संशोधन केंद्रातून १९७२ साली बाहेर आली. मॅग्नम म्हणून दुसरी जात बारा-चौदा टक्क्यांची. बेडगी आणि लवंगी मिरचीतला फरक समजा. नुसतं कडू हवं तर लवंगी थोडीशी घालावी, पैसे वाचतात. रंगरूप-वास हवा तर बेडगी. भाऊ बेडगी मिरची मूठमूठ घालून तिखटाची वाट बघत होता.

मुळात कडू घालायचंच कशाला, असं मला वाटलंच. एक तर जवाचं पाणी इतकं गोड की नुसतं प्यायलं तर शिसारी येईल. आणि दुसरं, हॉप्स टिकवतात. दही लावणारे जे जंतू, त्यांना हॉप्सचा कडूपणा सोसत नाही. म्हणून आपली आंबील आंबट होते, बिबड्यांसाठी भिजत घातलेली ज्वारी आंबट होते, आणि ते पाणी होत नाही. बाराव्या शतकात जर्मनीत हिल्डेगार्ड नावाची एक संन्यासिनी होऊन गेली. मठ चालवायची, औषधी वनस्पतींवर लिहायची. तिने लिहून ठेवलंय की हॉप्सच्या कडूपणाने पेय नासत नाही. हा शोध एका बाईच्या वहीत सापडावा, याचं मला बरं वाटलं. पुढे १५१६ साली बव्हेरियाच्या ड्यूकने कायदाच केला: जव, हॉप्स आणि पाणी, दुसरं काही घालायचं नाही. आणि गंमत म्हणजे आपल्या मुंबई-कलकत्त्याच्या गोऱ्या साहेबांसाठी जी बिअर विलायतेहून जहाजाने यायची, तिच्यात मुद्दाम जास्त हॉप्स घालत, कारण चार-सहा महिने उष्णतेत पिंपं टिकायला हवीत. त्या बिअरला अजून इंडियाचं नाव आहे. भावाच्या फळीवरही त्या नावाची एक बाटली होती. आपल्याकडे हॉप्स होतात ते काश्मीरकडे आणि हिमाचलात लाहौलच्या खोऱ्यात. थंडी आणि लांबलचक दिवस दोन्ही हवेत. जळगावच्या मे महिन्यात लावला तर वेल दुपारपर्यंत पापड होईल.

वासावरून आठवलं. गॅसवरच्या कपाटात त्याचं एक उघडं पाकीट होतं. मी ते पहिल्याच आठवड्यात, कशाचं आहे हे ठाऊक नसताना, कचऱ्यात टाकायला निघाले होते, कारण त्याला जुन्या पायमोज्यांचा वास येत होता. हॉप्सला ऊब आणि हवा लागली की असं होतं. हवाबंद पिशवीत, फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवावेत. उजेडाचाही शत्रू आहे. बिअर उन्हात राहिली तर हॉप्सच्याच कडू अंशापासून इतका घाण वास तयार होतो की विचारू नका, म्हणून बाटल्या तपकिरी. मी इकडे लिंबाच्या लोणच्याची बरणी हौसेने उन्हात ठेवणारी. मला ते उलटंच वाटलं. आणि कुत्रं असेल त्या घरात तर उकळलेला चोथासुद्धा उघड्यावर टाकू नये. कुत्र्याचा ताप एकदम चढतो आणि ते दगावतंसुद्धा. शेजारच्या आजींचं कुत्रं आमच्या परसात यायचं, म्हणून मी भावाला चोथा बांधून कचऱ्याच्या डब्यात टाकायला लावला.

पुढच्या वेळचं पाणी मी पुन्हा चाखलं. चमचाभरच. कडू होतं, पण जिभेवरून उतरत होतं, आणि मागून संत्र्याची साल. भाऊ लहान मुलासारखा नाचला. मीही हसले, खोटं कशाला सांगू?

पण फळीवरच्या बाटल्या माझ्या डोळ्यांसमोरून जात नव्हत्या.

त्याची एक वही होती. पुढच्या बाजूने कृती लिहायचा: तारीख, कोणते हॉप्स, किती ग्रॅम, किती मिनिटं उकळले. आता तीन वेळा घालायचे म्हणून वेळांचा रकाना आखायला त्याने ती मला दिली. मास्तरीण ना मी! रूळ घेऊन बसले. वही उलटली तर मागच्या बाजूने आणखी एक हिशेब. "मार्चची, बाटल्या ४८." खाली तारखा. शनिवार, १. शनिवार, १. मित्र आले, ६. शनिवार, १. प्रत्येक ओळीसमोर उरलेल्यांचा आकडा. मी वर बघितलं. तो म्हणाला, "ताई, तुला काय वाटतं, मला भीती वाटत नाही? बाबांचाच मुलगा आहे मी. म्हणून लिहितो."

माझे डोळे भरून आले. पण वही तपासायची सवय वाईट. शेवटचा आकडा होता २९. भाऊ बाळाची दुपटी वाळत घालायला गेला तशी मी गॅरेजमध्ये गेले आणि मोजल्या. २५. पुन्हा मोजल्या. २५च.

रात्री भावजय आणि बाळ झोपल्यावर मी विचारलं. आवाज न चढवता विचारलं, ते कसं जमलं देव जाणे. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "ती कावीळवाली रात्र."

बाळाला जन्मानंतर तिसऱ्या दिवशी कावीळ दिसली होती. नवजात बाळांना होते, निळ्या दिव्याखाली ठेवतात, दोन-तीन दिवसांत उतरते. डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं होतं. मी भावजयीजवळ दवाखान्यात राहिले आणि त्याला कपडे आणायला घरी पाठवलं. "घरात कुणी नव्हतं," तो म्हणाला. "ते पिवळे डोळे सारखे दिसत होते. तिचे नाही, त्यांचे. एक घेतली. मग मोजलं नाही."

मला त्या रात्री निळ्या दिव्याच्या काचेबाहेर बसून नेमके तेच डोळे दिसत होते. ते मी त्याला सांगितलं नव्हतं. त्याला वही दिली आणि म्हटलं, "लिही." त्याने मे महिन्याची तारीख घातली आणि पुढे लिहिलं, ४. उरलेल्या, २५. मग मी रकाने आखले.

बारसं आम्ही सव्वा महिन्यानंतर केलं. त्याचे मित्र येणार होते. तो काही बोलायच्या आत मी सांगितलं की त्या दिवशी गॅरेजचं दार उघडलं तर मी बॅग भरते. उघडलं नाही. मित्रांनी शेवभाजी खाऊन नाकाडोळ्यांतून पाणी काढलं आणि ताकावर ताक प्यायले.

जूनमध्ये परत आल्यावर आधी धुळ्याला गेले. आईला बाळाचे फोटो दाखवले. एका फोटोत मागे तो वेल होता, आता पन्हाळीवर पोचलेला. आईने बोट ठेवलं. ती हळवी झाली की अहिराणीवर येते. "हाई काय शे?"

मी विमानातच ठरवलं होतं, काकडी म्हणून सांगायचं. तोंडून खरं निघालं. वेलाचं सांगितलं, पातेल्याचं सांगितलं, वहीचं सांगितलं. त्या चार बाटल्यांचंही सांगितलं. आई बिबड्यांचे डबे पुसत होती, पुसतच राहिली.

"तो किती पेस?" तिने विचारलं.

"आठवड्याला एक. मोजून."

"तुझे बाबाही आधी मोजूनच घेत," आई म्हणाली आणि डब्याचं झाकण लावलं.

आता ती दर रविवारी सकाळी त्याला फोन करते. आधी बाळाचं वजन विचारते आणि मग "अन् तुझा आकडा?" म्हणते. तो वही उघडून सांगतो. आई तो दुधाच्या हिशेबाच्या कॅलेंडरवर, त्या तारखेच्या चौकोनात पेन्सिलीने लिहिते. मी गेल्या खेपेला बघितलं. एका रविवारी शून्य होतं, दोन ठिकाणी एक, एका ठिकाणी तीन, आणि त्या तीनभोवती आईने गोल काढला होता. त्या गोलाबद्दल ती त्याला काय बोलली, ते दोघांनीही मला सांगितलं नाही.

ऑगस्टच्या शेवटी त्याने वेलाचा फोटो पाठवला. हिरव्या कागदाचे कंदील लटकावेत तशी फुलं लागली होती. खाली विचारलं होतं, "ताई, तोडू का?" मी पुस्तकात वाचलं होतं ते कळवलं: फूल दोन बोटांत दाबून बघ. ओलसर लागलं तर थांब. कागदासारखं वाजलं आणि बोटाला पिवळं लागलं, तरच तोड.